बडोद्याचं विद्यापीठ पाहायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याहून, नाशिक-जळगावहून बडोद्याला येणाऱ्या मंडळींची यादी ठरलेली असते: लक्ष्मी विलास राजवाडा, सयाजीबाग, जमलं तर पावागड आणि परतताना पिशवीभर चिवडा. महाराजा सयाजीराव विद्यापीठ त्या यादीत सहसा नसतं. स्टेशनाबाहेर पडल्यावर घुमट दिसतो, कुणीतरी “वा!” म्हणतं आणि रिक्षा पुढे निघून जाते. ज्यांना ती रिक्षा थांबवायची आहे, त्यांच्यासाठी हे पान. पाहुणे जे प्रश्न विचारतात तेच इथं घेतले आहेत. काही आम्हीच विचारायला हवे होते असं वाटून घातले आहेत.

विद्यापीठ ही काय पाहायला जायची जागा आहे?

राजवाड्यासारखी नाही. इथं तिकीट खिडकी नाही, कानाला लावायचं यंत्र देऊन माहिती ऐकवणारं कुणी नाही, ‘इकडून प्रवेश’ अशी पाटी नाही. रोज वर्ग भरतात, प्रात्यक्षिकं होतात. विद्यार्थ्यांच्या निवडणुका होत तेव्हा घोषणाही घुमायच्या. पण एका संस्थानानं शिक्षणावर पैसा ओतायचा ठरवला तर पुढं काय उभं राहतं, हे बघायचं असेल तर याहून चांगली जागा आम्हाला तरी माहीत नाही. राजवाड्यात महाराज कसे राहत ते कळतं. महाराज पैसा कशावर खर्च करत, ते इथं कळतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. सयाजीराव तिसरे हे मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ साली दत्तक होऊन गादीवर आले, १९३९ पर्यंत राज्य केलं. १८८१ मध्ये बडोदा कॉलेज सुरू झालं, १८९० मध्ये कलाभवन; १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. विद्यापीठ मात्र त्यांच्या पश्चात, १९४९ मध्ये स्थापन झालं. जुन्या संस्था त्यात सामावल्या गेल्या. म्हणून विद्यापीठाच्या वयापेक्षा त्याच्या भिंतींचं वय जास्त आहे.

आवार कुठं आहे? एका फेरीत होतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून लोक गोंधळतात. एकच एक आवार नाही. पुणे विद्यापीठाचं कसं, गणेशखिंडीतून फाटकात शिरलात की सगळं आत. तसं इथं नाही. कला, विज्ञान, वाणिज्य या शाखा, मोठं ग्रंथालय आणि फाइन आर्ट्स हे सयाजीगंज-प्रतापगंज भागात, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कलाभवन, म्हणजे आजची इंजिनिअरिंगची शाखा, दांडिया बाजाराच्या अंगाला. संगीत-नृत्य-नाट्य सूरसागर तलावाकाठी. वैद्यकीय महाविद्यालय सयाजी रुग्णालयाला लागून. एक कॉलेज तर थेट पादरा गावात.

तेव्हा रिक्षावाल्याला नुसतं “युनिव्हर्सिटी” म्हणू नका. “आर्ट्स फॅकल्टी”, “फाइन आर्ट्स”, “कलाभवन” असं नाव घेऊन सांगा. चालायची सवय असेल तर पहिला घोळका पायी होतो. दुसऱ्यासाठी रिक्षा करा.

आत सोडतात का?

फाटकावर सुरक्षारक्षक असतात आणि ते विचारतात. विचारलंच पाहिजे, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. ओळखपत्र जवळ ठेवा, कुठं जायचंय ते एका वाक्यात सांगा. “भाई, अंदर जोवा जवाय?” एवढं गुजराती आलं तरी चेहऱ्यावरचा ताण उतरतो. मराठीतून विचारलंत तरी बहुतेक वेळा समजतंच. कधी कधी उत्तरही मराठीतच येतं.

बाहेरून इमारती पाहणं, झाडाखाली बसणं वेगळं आणि विभागात, प्रयोगशाळेत, संग्रहात शिरणं वेगळं. दुसऱ्यासाठी त्या विभागाच्या कार्यालयात जाऊन रीतसर विचारावं लागतं. चार-सहा दिवस आधी विभागप्रमुखांच्या नावे ईमेल टाकून ठेवलात तर काम सोपं. शाळेची सहल किंवा वीस-पंचवीस जणांचा गट असेल तर लेखी परवानगीशिवाय येऊच नका. फाटकाबाहेर उन्हात उभी असलेली पोरं आणि फोन फिरवणारे गुरुजी हे दृश्य आम्ही पुष्कळदा पाहिलं आहे.

परीक्षेच्या दिवसांत “आज नाही” म्हणाले तर वाद घालू नका.

तो मोठा घुमट कशाचा?

बडोदा कॉलेजचा, आता कला शाखेचा. वास्तुकार रॉबर्ट फेलोज चिझम. मद्रासमध्ये त्यानं बरंच काम केलं होतं, आणि मेजर चार्ल्स मँटच्या मृत्यूनंतर लक्ष्मी विलास राजवाडा पुरा करणाराही हाच. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्या माणसाला इथं ओळखीची खूण पटते. मोठा घुमट मध्ये, भोवती लहान घुमट्या, खाली कमानींच्या रांगा, दगडी जाळ्या आणि या सगळ्याला गिलावा न केलेल्या विटेचा लालसर रंग.

आमचा सल्ला: समोरून फोटो काढून निघू नका. बाजूनं फिरा. लांबून सगळं सारखं वाटतं, पण जवळ गेलात की कमानीगणिक फरक दिसतो. एका कमानीला मोगली वळण, दुसरीला युरोपीय खांब, वर गुजराती कोरीवकामाची नक्कल. यालाच इंडो-सारासेनिक शैली म्हणतात. काहींना ती खिचडी वाटते. आम्हाला आवडते, पण तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही. बघायला सकाळी लवकर या. ऊन तिरपं असतं, विटा पेटल्यासारख्या दिसतात आणि दुचाक्यांची गर्दी अजून झालेली नसते.

विज्ञान शाखेत पर्यटकानं काय पाहायचं? प्रयोगशाळा तर सगळ्या सारख्याच.

इमारती म्हणून पाहायला गेलात तर निराश व्हाल. लांब व्हरांडे, जुने लाकडी दरवाजे, रसायनांचा तो ओळखीचा वास. पण इथं कोण वावरलं ते माहीत असेल तर व्हरांड्यातला वेळ मजेत जातो.

व्यंकटरामन रामकृष्णन यांना २००९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, टॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांच्यासोबत. पेशीत प्रथिनं तयार करणारा जो रायबोसोम, त्याची रचना उलगडल्याबद्दल. हे गृहस्थ तीन वर्षांचे असताना बडोद्याला आले, इथंच शाळेत गेले आणि १९७१ मध्ये याच विज्ञान शाखेतून बीएस्सी झाले. गंमत अशी की पदवी भौतिकशास्त्राची, पुढे अमेरिकेत डॉक्टरेटही भौतिकशास्त्राचीच, मग नव्यानं जीवशास्त्र शिकायला बसले आणि नोबेल मिळालं रसायनशास्त्रात. घरातलं वातावरणही तसंच. वडील सी. व्ही. रामकृष्णन यांनी इथला जीवरसायनशास्त्र विभाग उभा केला, आई राजलक्ष्मी यांनी पोषणशास्त्रात संशोधन केलं. बारावीत ‘फिजिक्स की बायो’ यावरून घरात रुसवेफुगवे चालू असतील तर त्या मुलाला-मुलीला इथं घेऊन या. आम्ही काही बोलणार नाही, तुम्ही फक्त ही गोष्ट सांगा.

वनस्पतिशास्त्राची आवड असेल तर विभागाची वनस्पती बाग आणि शुष्क वनस्पतींचा संग्रह, म्हणजे हर्बेरियम, यांची चौकशी करा. जगभरच्या संग्रहांना ठराविक सांकेतिक नावं असतात. बडोद्याच्या संग्रहाचं नाव ‘बारो’. जाड कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी, खाली कोपऱ्यात कुठं, कधी, कुणी तोडली त्याची चिठ्ठी. पहिल्या पाच मिनिटांत कंटाळा येतो. मग आपल्या गावाचं नाव शोधायची खोड लागते. मात्र हे संशोधनासाठी आहे, त्यामुळे परवानगी असेल तरच, आणि कागद हातात घ्यायचा नाही.

भूशास्त्राच्या वेडापायी कुणी आला असेल तर त्याला विभागापेक्षा डोंगरच दाखवावा: पावागड. शहरापासून तासा-दीड तासावर. सह्याद्री ज्या लाव्हाचा, त्याच दख्खनच्या लाव्हाचा हा उत्तरेकडचा अवशेष; फक्त माथ्याकडे आपल्या काळ्या बेसाल्टऐवजी फिकट रायोलाइट दिसतो. कालिकामातेच्या दर्शनाला जाणाऱ्या हजारोंपैकी किती जण पायाखालच्या दगडाचा रंग बदलताना बघतात, हा प्रश्नच आहे.

पुरातत्त्व विभागात बुद्धाचे अवशेष आहेत असं ऐकलं. पाहता येतात?

शामळाजीजवळ देवनी मोरी इथं विभागानं १९६०च्या सुमारास उत्खनन केलं. स्तूपाच्या पोटात दगडी करंडक सापडला, आत तांब्याची डबी, त्यात सोन्याची लहानशी बाटली आणि रक्षा. करंडकावर लेख कोरलेला. त्यात ‘दशबल’, म्हणजे बुद्ध, यांच्या अवशेषांचा उल्लेख आहे. आज त्या जागी गेलात तर पाणी दिसेल, कारण मेश्वो धरणाच्या जलाशयात ते स्थळ बुडालं. धरण होणार म्हणूनच घाईनं खणलं होतं.

करंडक विद्यापीठाकडे आहे, पण कुलूपबंद, बंदोबस्तात. सहज डोकावणाऱ्याला दाखवत नाहीत. त्यासाठी हट्ट धरू नका.

विभागाकडे पाहण्यासारखं बाकी पुष्कळ आहे. कच्छच्या आखाताकाठी बगसरा इथं त्यांनी हडप्पाकालीन वस्ती खणली. शंख कापून बांगड्या करण्याचे कारखाने तिथं होते. शंखाचं मधलं पीळदार खोड टाकून दिलेलं, कडी कापून घेतलेली, करवतीची खूण अजून ताजी वाटावी अशी. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचा कचरा बघताना जे वाटतं, ते करंडकातल्या सोन्याच्या बाटलीपुढं वाटेलच असं नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. राजस्थानात उदयपूरजवळ झावर इथं शेकडो वर्षांपूर्वी जस्त काढत. जस्ताची अडचण अशी की ते ९०७ अंशांना उकळतं आणि धातुक गरम केलं की वाफ होऊन उडून जातं. तेव्हा वाफ धरून थंड करायला हवी, म्हणजे ऊर्ध्वपातन. जुन्या रसशास्त्राच्या ग्रंथांत यासाठी ‘वृंताक मूषा’ सांगितली आहे, वांग्याच्या आकाराची मूस. झावरच्या टेकड्यांवर नेमक्या तशाच मातीच्या मुशा ढिगानं पडलेल्या होत्या. १९८०च्या दशकात ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडक आणि या विभागाचे के. टी. एम. हेगडे यांनी हिंदुस्थान झिंकच्या सोबतीनं तिथं भट्ट्याच्या भट्ट्या उकरून काढल्या. ग्रंथातलं वाक्य आणि जमिनीतला पुरावा इतके नेमके जुळल्याची उदाहरणं कमी. पुरातत्त्वात रसायनशास्त्राचं काय काम, असं कुणी विचारलं तर हे सांगावं.

प्राच्यविद्या मंदिर म्हणजे काय? ते संस्कृतवाल्यांसाठीच आहे ना?

ओरिएंटल इन्स्टिट्यूट. सयाजीबागेपासून लांब नाही. इथं हजारो हस्तलिखितं आहेत, ताडपत्रावरची आणि कागदावरची. ‘गायकवाड्स ओरिएंटल सिरीज’ ही ग्रंथमाला १९१६ मध्ये राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’नं सुरू झाली.

मराठी माणसाला पुण्याची भांडारकर संस्था आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती ठाऊक असते. वाल्मीकि रामायणाची तशी आवृत्ती मात्र बडोद्यात झाली, हे सांगितलं की बरेच जण थांबतात. काम १९५१ मध्ये हाती घेतलं, शेवटचा खंड १९७५ मध्ये आला. सात कांडं, सात खंड.

पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण ती प्रयोगशाळेतल्या पद्धतीइतकीच कडक आहे. काश्मीर, नेपाळ, बंगाल, केरळ अशा ठिकाणांहून वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या जमवायच्या. एकेक श्लोक घेऊन प्रत्येक पोथीत तो कसा आहे ते शेजारी शेजारी मांडायचं. कुठल्या पोथ्या एकमेकींच्या चुका उचलतात ते पाहून त्यांची घराणी ठरवायची. जुना वाटणारा पाठ वर, बाकीचे सगळे तळटीपेत. आपल्याला आवडलेला श्लोक पुराव्यात बसला नाही तर तो मुकाट्यानं खाली जातो. चोवीस वर्षं माणसं हे करत बसली होती. छापील खंड बघायला मिळाले तर एकच पान उघडा, वर दोन ओळी आणि खाली अर्धं पान पाठभेद. एवढं पुरे.

हस्तलिखितं हाताळायला अर्थातच देत नाहीत. फ्लॅश मारून फोटो तर नाहीच नाही.

दादासाहेब फाळके शिकले ते कलाभवन हेच का?

हेच. फाळके त्र्यंबकेश्वरचे, जे. जे. नंतर इथं आले, चित्रकला शिकले आणि छायाचित्रणाच्या नादी लागले. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी त्यांना फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायची मोकळीक दिली.

या गज्जरांबद्दल मराठी वाचकांना एक किस्सा सांगायलाच हवा. दामोदर चापेकरांनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. डांबर संगमरवरात मुरलेलं, सरकार मेटाकुटीला आलेलं, आणि ते काढून दिलं या रसायनशास्त्रज्ञानं. देशप्रेमाच्या तराजूत हे कुठं बसवायचं ते तुम्ही ठरवा. रसायनशास्त्र मात्र पक्कं होतं. त्यांच्याच तालमीतल्या कोटीभास्कर आणि अमीन यांना घेऊन १९०७ मध्ये अलेम्बिक या कंपनीची सुरुवात झाली. बडोद्याच्या आजच्या औषध-रसायन उद्योगाचं मूळ असं कॉलेजच्या बाकावर सापडतं.

आज तिथं इंजिनिअरिंगचे वर्ग भरतात. इमारत बाहेरून बघा, वर्कशॉपमध्ये घुसू नका.

फाइन आर्ट्समध्ये शिरता येतं?

सगळ्या विद्यापीठात पाहुण्याला कमीत कमी परकं वाटतं ते इथं. १९५० मध्ये सुरू झालेली ही शाखा; ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन यांनी इथं शिकवलं. बेंद्रे मूळचे इंदूरचे मराठी, हे जाता जाता. अंगणात अर्धवट शिल्पं, गवतात पडलेले धातूचे तुकडे, झाडाखाली स्केच काढणारी मुलं. तुमचंही स्केच होऊन जाईल, हलू नका.

शैक्षणिक वर्ष संपताना शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं काम मांडतात. तेव्हा उन्हाळा कडक असतो, तरी त्या दिवसांत येता आलं तर जरूर या. नवरात्रातला फाइन आर्ट्सचा गरबाही शहरात नावाजलेला आहे.

ग्रंथालय कुणाच्या नावाचं आहे?

हंसा मेहता यांच्या. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू, आणि स्त्री-पुरुष दोघंही शिकतात अशा भारतीय विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बसलेल्या पहिल्या स्त्री. संविधान सभेच्या सदस्य होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावरही त्यांनी काम केलं. वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण. अभ्यासिकेत मुलं परीक्षेसाठी बसलेली असतात, तेव्हा दारातून पाहून परत फिरणं बरं.

ग्रंथालयांची आवड असेल तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररीही पाहा. ती विद्यापीठाची नाही. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणलं, त्या चळवळीची ही खूण. पोलादी मांडण्या आणि मजल्यामजल्यावर काचेची जमीन, खालपर्यंत उजेड जावा म्हणून.

अरविंद घोष इथं शिकवत होते ना?

हो. १८९३ मध्ये इंग्लंडहून थेट बडोद्याच्या नोकरीत आले. कॉलेजात आधी फ्रेंच, मग इंग्रजी. १९०६ मध्ये बंगालला गेले तेव्हा इथले उपप्राचार्य होते. दांडिया बाजारातलं अरविंद निवास पाहता येतं. ते खासेराव जाधवांचं घर. विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर ध्यानाला बसले तेही बडोद्यातच, १९०८च्या जानेवारीत, सरदार मजुमदारांच्या वाड्यात. विनोबा भावेही याच कॉलेजचे विद्यार्थी; इंटरच्या परीक्षेला म्हणून निघाले आणि काशीला गेले.

डॉ. आंबेडकरांची संकल्पभूमी विद्यापीठात आहे का?

विद्यापीठात नाही, सयाजीबागेत. पण चालत जाण्याइतकी जवळ. एका भेटीत दोन्ही पाहावं असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. करार पाळायला १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले. जगातल्या उत्तम विद्यापीठातून शिकून आलेल्या माणसाला या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, ते उघड झाल्यावर लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. सामान घेऊन बाहेर पडले आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, झाडाखाली बसून राहिले. अस्पृश्यता मिटवायचा संकल्प त्यांनी तिथंच केला, म्हणून ही संकल्पभूमी. त्या आठवणीत २३ सप्टेंबरला इथं देशभरातून लोक येतात.

सयाजीरावांची थोरवी सांगताना आम्ही बडोदेकर हा भाग घाईघाईनं उरकतो. उरकू नये.

सोबत लहान मुलं आहेत. ती कंटाळतील का?

विभागांत कंटाळतील, हमखास. त्यांना सयाजीबागेतल्या संग्रहालयात न्या. १८९४ मध्ये पुरी झालेली इमारत. इजिप्तची ममी आहे आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तारांगणही त्याच बागेत आहे. बडोद्यातली दोन-तीन पिढ्यांची पोरं विज्ञानाला पहिल्यांदा भेटली ती या देवमाशाच्या बरगड्यांखाली.

डायनासोरचं वेड असलेली मुलं असतील तर एक दिवस वाढवून बालासिनोरजवळच्या रैयोलीला जा. अंड्यांचे जीवाश्म आहेत आणि ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ची हाडं त्याच परिसरातली.

विश्वामित्रीत मगरी आहेत हे खरं?

खरं. नदी शहराच्या मधून, बागेला आणि विद्यापीठाच्या भागाला लागून वाहते आणि तिच्यात मगरींची वस्ती आहे. पुलावरून बघा, काठावर उतरू नका, खायला टाकू नका. २०२४च्या ऑगस्टच्या पुरात मगरी वस्तीत आल्या होत्या. बडोदेकर याबद्दल बोलताना घाबरलेले कमी आणि अभिमानी जास्त दिसतात.

कधी यावं, किती वेळ ठेवावा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. वार कामाचा हवा, सोमवार ते शुक्रवार. रविवारी घुमट दिसेल, बाकी कुलपं दिसतील. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी टाळा.

मुंबईहून सकाळची गाडी पकडली तर दुपारच्या आत पोहोचता, पण विभाग पाहायचे असतील तर आदल्या रात्रीच या. सकाळी कला आणि विज्ञान शाखा, मग पुरातत्त्व, जेवणाआधी फाइन आर्ट्स. दुपारी प्राच्यविद्या मंदिर, ऊन उतरल्यावर बाग आणि संकल्पभूमी. कलाभवन, अरविंद निवास, सूरसागर हे दुसऱ्या दिवशी. एका दिवसात राजवाडाही बसवायला निघालात तर पाय तेवढे दुखतील, डोक्यात काही राहणार नाही.

मराठी चालतं का?

दांडिया बाजार, रावपुरा भागात बिनदिक्कत बोला. विद्यापीठात मराठी विभाग आहे. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी, त्यामुळे विद्यार्थी देशभरातून येतात. मराठी साहित्य संमेलनही २०१८ मध्ये इथंच भरलं होतं. आमच्या मराठीत मात्र मधूनच एखादा गुजराती शब्द डोकावतो, सांभाळून घ्या.

फोटो, रील, ड्रोन?

बाहेरून इमारतींचे फोटो काढा. विद्यार्थ्यांचे, वर्गांचे, प्रयोगशाळांचे विचारल्याशिवाय नको. ड्रोन आणूच नका.

आजी-आजोबांना झेपेल?

जुन्या इमारतींत पायऱ्या भरपूर. बागेत बाकं आहेत, सावली आहे. त्यांना तिथं बसवून तुम्ही फेरी मारून या. स्वच्छतागृहाची सोय स्टेशनवर किंवा हॉटेलवर करून निघालेलं बरं.

जवळपास खायला काय?

सकाळी सेव-उसळ. वाटाण्याची उसळ, वरून तिखट तरी, पातीचा कांदा, मूठभर सेव आणि पाव. मिसळीशी तुलना करून दुकानदाराशी हुज्जत घालू नका; दोन्ही मराठी पोटातूनच आल्या आहेत आणि दोघींचे अभिमानी तितकेच कडवे. नेण्यासाठी लीला चिवडा: बटाटा आणि हरभऱ्याच्या डाळीचा, किंचित ओलसर, आंबट-गोड. फार दिवस टिकत नाही, म्हणून निघायच्या दिवशीच घ्या आणि गाडीत डबा उघडायची तयारी ठेवा.